गिळलेला धैवत

मालिकेतली सून बॅग घेऊन उंबरठ्याबाहेर पडली, सासऱ्याने छातीवर हात ठेवला, लहानपणी हरवलेला मुलगा भलत्याच घरी जावई म्हणून उभा राहिला, की मागे जी पेटी वाजायला लागते ती आत्मारामची. एकोणीस वर्षं तो हेच करत आला होता. महाराष्ट्रातल्या बायकांना रोज संध्याकाळी वेळेवर रडवणं हा त्याचा धंदा, आणि तो त्याने इमानेइतबारे केला.

काशीगावच्या मागे, हायवेला लागून, जिथे पूर्वी प्लॅस्टिकच्या बादल्या बनायच्या त्या गाळ्यात आता मालिकांचे सेट होते. एक हॉस्पिटल, एक पोलीस चौकी आणि एक हवेली. हवेलीचा भलामोठा जिना वर जाऊन थेट भिंतीला टेकायचा. त्या जिन्याखाली आत्मारामची खोली. खिडकी नाही, भिंतींना आवाज खाणारा जाड थर, दार इतकं जड की ते ओढायला दोन्ही हात लागायचे. आत टेबलावर पेटी, समोर माइक आणि एक लाकडी खुर्ची. वाजवणं संपवून तो मागे टेकला की ही खुर्ची किर्रर्र करायची. सगळे त्याला दादा म्हणायचे, वयाने मोठे असलेलेसुद्धा.

त्याची काम करायची एक पद्धत होती. सगळे तुकडे काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज मानून. कधीही पट्टी बदलायची नाही, म्हणजे एडिटरने सोमवारचं रडणं कापून गुरुवारच्या रडण्याला जोडलं तरी सांधा कळत नाही. आणि त्याची एक खूण होती. सूर चढत चढत पंचमावर यायचा, थबकायचा, आणि मधला कोमल धैवत सोडून एकदम निषादावर जायचा. ऐकणाऱ्याला वाटायचं, रडता रडता गळ्यात काहीतरी अडकलं. एडिटरांनी या उडीला नाव दिलं होतं दादांचा आवंढा. ‘दादा, इथे एक आवंढा टाका ना,’ अशी फर्माईश दिवसातून चारदा तरी यायचीच, आणि दादा टाकायचे.

मग रुचिता आली. निर्मितीसंस्थेची नवी प्रमुख, वय बत्तीस-तेहतीस, बोलायला गोड. ती वाईट नव्हती हीच खरी पंचाईत. वाईट माणसावर निदान चिडता तरी येतं.

“दादा, प्लीज गैरसमज करून घेऊ नका,” ती खोलीच्या दारात उभी राहून म्हणाली. “नवीन सिरियल येतेय, रोज दोन एपिसोड. एवढं म्युझिक एका माणसाच्याने होणार नाही. गेविन कॉम्प्युटरवर बनवून बघतोय, तीन वेगवेगळ्या पद्धतींनी. तुम्ही त्याला मदत करा. मग दोन महिन्यांनी आपण टेस्ट करू. एकच सीन, चार तुकडे. तीन मशीनचे, एक तुमचा. कुठला कोणाचा ते आम्हाला सांगायचं नाही. तुमचा ओळखू आला, तर ही खोली तुमचीच.”

“आणि नाही आला तर?”

“नाही आला तर मग फरक काय राहिला, दादा?”

अठ्ठावन्नाव्या वर्षी नवीन दार कोण उघडणार? भाईंदर पश्चिमेत शिकवण्या घ्याव्यात तर पोरांना गिटार हवी. मदतीला नाही म्हणावं तर आजच बाहेर, हो म्हणावं तर स्वतःच्या हाताने स्वतःची जागा दुसऱ्याला शिकवायची. दोन्हीकडून दार बंद. आत्माराम हो म्हणाला, कारण हो म्हटल्याने निदान दोन महिने मिळत होते.

गेविन उत्तनचा. बापाची मच्छीमारीची होडी, आजोबा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, आणि हा इंजिनियर. डोक्याने तल्लख, जिभेने सरळ. पहिल्या दिवशीच त्याने आत्मारामच्या समोर वही उघडली आणि विचारलं, “दादा, षड्जानंतर तुम्ही काय घेता? आणि का घेता?”

ही पहिली पद्धत, नियमांची. तीन आठवडे त्याने प्रश्न विचारून विचारून आत्मारामचा जीव काढला. मृत्यूच्या प्रसंगाला गंधारावर किती थांबायचं? माफीच्या प्रसंगाला शेवट वर की खाली? एकसष्ट नियम निघाले. चौदावा होता, ‘पंचमानंतर थेट निषाद’. “का?” गेविनने विचारलं. “तसंच बरं वाटतं,” आत्माराम म्हणाला, आणि गेविनने तेही लिहून घेतलं. मग मशीनने ते एकसष्ट नियम पाळून तुकडा वाजवला. एकही चूक नव्हती. पण ऐकताना वाटत होतं, कुणीतरी कचेरीत रडण्यासाठी रीतसर अर्ज केलाय. आत्मारामला जरा धीर आला.

दुसरी पद्धत मोजण्याची. गेविनने जुने सगळे तुकडे मशीनला दिले आणि मशीनने नुसतं मोजलं, कुठल्या सुरानंतर कुठला सूर किती वेळा आला. मग त्या हिशेबाने फासे टाकत टाकत पुढचा सूर काढायचा. इथे आत्माराम दचकला, कारण दोन-दोन, तीन-तीन सूर हुबेहूब त्याचे होते. पण जायचंय कुठे हे त्या मशीनला ठाऊक नव्हतं. एखादा म्हातारा गोष्ट सांगायला बसतो, प्रत्येक वाक्य ठसक्यात म्हणतो आणि गोष्ट विसरून जातो, तसं ते चाललं होतं. आत्माराम हसला. “माझ्या मोठ्या काकांची आठवण झाली,” तो म्हणाला.

तिसऱ्या पद्धतीत गेविनने काहीच सांगितलं नाही. नियम नाही, मोजणी नाही, सुरांची नावंसुद्धा नाहीत. एकोणीस वर्षांचं रेकॉर्डिंग जसंच्या तसं मशीनपुढे ओतलं, प्रत्येक तुकडा कुठल्या प्रसंगाचा एवढं सांगितलं, आणि मशीनला म्हटलं, तूच शिक. बारा दिवस ते शिकत होतं. तेराव्या दिवशी गेविनने बटण दाबलं.

पेटी वाजली. भात्याचा श्वास होता. पंचमावर सूर थबकला, आवंढा आला, निषादावर गेला, अलगद खाली उतरला. आणि सगळं शांत झाल्यावर शेवटी आवाज आला, किर्रर्र.

दोघंही एकमेकांकडे बघायला लागले. “दादा,” गेविन म्हणाला, “ही तुमची खुर्ची हाय!” प्रत्येक तुकड्याच्या शेवटी खुर्ची वाजते, म्हणजे तोही संगीताचाच भाग असणार, असं मशीनने बिचाऱ्याने मानलं होतं. दोघं पोट धरधरून हसले. “काढून टाकतो नंतर,” गेविन डोळे पुसत म्हणाला. “असू दे रे,” आत्माराम म्हणाला. “तेवढीच आपली आठवण.” पुढे हे वाक्य त्याला फार महागात पडणार होतं, पण तेव्हा तो हसत होता.

टेस्टच्या आधी चार दिवस प्रसंग मिळाला. निवृत्त बाप, मुलाच्या घरातून निघतोय. हातात एक पिशवी. बोलणं नाही, नुसता दरवाजा. आत्मारामने खुर्चीत बसून एका झटक्यात वाजवून टाकलं. मग त्याच्याच डोक्यात आलं, “गेविन, आधी माझीच परीक्षा घे. चारही लाव. नंबर सांगू नकोस.”

गेविनने लावले. नियमांवाला ओळखू आला. फाशांवाला ओळखू आला. उरले दोन. दोन्हींत भात्याचा श्वास, दोन्हींत आवंढा, दोन्हींत शेवटी खुर्ची. आत्मारामने पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं. मग छाती ठोकून म्हणाला, “दुसरा माझा.”

गेविनने पडद्यावरचा नंबर पुन्हा तपासला.

“अरे, सांग की.”

“दुसरा मशीनचा हाय, दादा.”

रुचिताला ओळखू न येणं वेगळं. पण ज्याने वाजवलं त्यालाच आपलं ओळखू येऊ नये? त्याला खोली एकदम लहान वाटायला लागली. उठून दार उघडावं म्हणून तो गेला, तर दाराला दोन हात लागत होते आणि त्याच्या हातांत तेवढं बळ राहिलं नव्हतं. तो तसाच परत येऊन बसला.

गेविनलाही वाईट वाटलं असावं. काहीतरी दाखवायचं म्हणून त्याने मोजणीचा तक्ता पडद्यावर उघडला. आडवे सूर, उभे सूर, मधे आकडे. “हे बघा, तुम्हीच हाय सगळे. फक्त एक गोष्ट मला कळली न्हाय. हा मधल्या सप्तकातला कोमल धैवत. पूर्ण रकाना शून्य. एकोणीस वर्षांत एकदा पण न्हाय. त्याच्याशी काय भांडण हाय काय तुमचं?”

आत्माराम पडद्याजवळ सरकला. शून्य, शून्य, शून्य. नियमांत तोच सूर टाळलेला, मोजणीत तोच टाळलेला, आणि तिसऱ्या मशीनला तर कुणी काही सांगितलंही नव्हतं, तरी तेही त्याला वळसा घालून जात होतं. तिघांच्या वाटा वेगळ्या, पण तिघंही नेमका तोच एक खड्डा चुकवत होते.

आणि मग त्याला आठवलं.

पहिली मालिका, पहिला आठवडा. सेटवर चहा देणारा धर्माजी अडखळला आणि अख्खा कप पेटीत. एक पट्टी फुगून बसली. दाबली की खालीच राहायची आणि सूर रेकत राहायचा. ती नेमकी काळी एकच्या कोमल धैवताची. दिवस गणपतीचे, पेटी दुरुस्त करणारा कारागीर पंधरा दिवस मिळेना. त्या पंधरा दिवसांत आत्मारामने ती पट्टी चुकवून साठ तुकडे केले. मालिका गाजली. पट्टी नंतर दुरुस्त झाली, पण निर्माता म्हणाला, अस्संच हवं, यात काडीचा बदल नको. जुन्या तुकड्यांना नवे जुळायला हवेत, म्हणून नवेही तसेच. हळूहळू तो चहा विसरला. पट्टी बरी झाली, बोटं झाली नाहीत. ज्याला लोक दादांचा आवंढा म्हणत होते तो धर्माजीचा चहा होता.

हे त्याने गेविनला सांगितलं तेव्हा त्याला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

संध्याकाळी घरी बायकोने, अनसूयाने, विचारलं, “काय म्हणतेय तुमची परीक्षा?”

“होईल,” आत्माराम म्हणाला. “तसं म्हणजे…”

“बघा, परत!” अनसूयाने हातातली पोळी तव्यावर टाकली. “वाक्य सुरू करता, मधलं गिळता आणि शेवटाला पोचता. लग्न झालं तेव्हा असे नव्हता हो तुम्ही. तेव्हा तर बोलून बोलून डोकं उठवायचात.”

तो जेवला, पण घास कुठल्या भाजीचा होता हे त्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, सेट रिकामा असताना, त्याने गेविनला सांगितलं, “माझा तुकडा पुसून टाक. नवीन घेऊ.” खुर्चीत बसून त्याने सुरुवात केली. पंचमावर आला आणि बोट टुणकन उडी मारून निषादावर गेलं. पुन्हा. पुन्हा निषाद. पट्टी समोर दिसत होती, चांगली होती, आणि बोट तिला शिवत नव्हतं. चार वेळा असं झालं. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला. एकोणीस वर्षं आपण या खोलीत वाजवत होतो की नुसते डांबलेले होतो, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला स्वतःची भयंकर चीड आली.

त्याने पेटी उचलली आणि खाली फरशीवर ठेवली. लहानपणी वडिलांसमोर शिकायला बसायचा तशी मांडी घातली. गेविनने माइक खाली घेतला. डोळे मिटून आत्माराम षड्जावरून निघाला, सावकाश, त्या पिशवीवाल्या बापाबरोबर चालत. पंचम आला. बोट शेजारच्या पट्टीवर उतरलं.

कोमल धैवत लागला. त्याने तो सोडलाच नाही. भाता संपत आला तरी धरून ठेवला, कारण बापाला निघायचं नव्हतं, हे आत्मारामला पहिल्यांदाच कळलं. आजवर त्याने अशा बापांना दारातून नुसतं ढकलून बाहेर काढलं होतं. मग तो धैवतावरूनच परत पंचमावर आला, निषादाला न शिवता, आणि तिथेच थांबला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्याला फार बरं वाटत होतं. इतकं बरं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

गेविनने कानांवरचे हेडफोन काढले. “दादा,” तो हळूच म्हणाला, “हे कोणी वाजवलं?”

“मी,” आत्माराम म्हणाला, आणि मधलं काही गिळलं नाही.

टेस्टला रुचिता आली आणि बरोबर दोन एडिटर. पडद्यावर तोच बाप, तीच पिशवी. कुठला नंबर कोणाचा ते लिहिलेला कागद गेविनच्या खिशात. आत्माराम भिंतीला टेकून उभा होता. आज तो घाबरला नव्हता. हे ओळखू येणार नाही असं होऊच शकत नव्हतं. चारांमध्ये एकच जिवंत होता.

पहिला, नियमांवाला, झाला. एडिटरने जांभई दिली. दुसरा लागला. धैवत आला तेव्हा रुचिताचं पेन थांबलं. “पुन्हा लाव,” ती म्हणाली. गेविनने पुन्हा लावला. मग तिसरा झाला, त्यात आवंढा आला, शेवटी खुर्ची वाजली. चौथा फाशांवाला, तो अर्ध्यातच बंद केला.

“सोपं आहे,” मोठा एडिटर म्हणाला. “तीन नंबर दादा. आवंढा आहे, वर खुर्चीपण वाजली. एकोणीस साल से काट रहा हूँ, झोपेत सांगेन.”

“आणि दोन?” रुचिताने विचारलं.

“दोन मशीन. दादा तो सूर लावतच नाहीत. कधीच नाही. मशीनला काय माहीत?”

“मलापण तेच वाटलं,” रुचिता म्हणाली. “चांगला होता, म्हणजे मला एकदम कसंतरीच झालं. पण दादांचा नाही.” मग ती वळली आणि तिचा चेहरा खरोखर उजळला होता. “थँक गॉड, दादा! खरं सांगू? मला भीती वाटत होती ओळखू येणार नाही म्हणून. तीन नंबर. बरोबर ना, गेविन?”

गेविनने खिशातून कागद काढला. उघडला. तोंड उघडलं आणि आत्मारामकडे बघितलं.

आत्मारामला सगळं लख्ख दिसत होतं. खरं सांगितलं तर अर्थ एकच, ओळखू आला नाही. खोली गेली. खोटं सांगितलं तर खोली राहिली. छातीत ते वाक्य तयार होतं, दोन नंबर माझा आहे, बाई, ते तुम्हाला कसंतरी झालं ना, ते मी केलं. ते वर चढलं, गळ्यापर्यंत आलं, थबकलं.

“बरोबर ओळखलंत,” तो म्हणाला. “तीन नंबर माझा.”

दोन्ही एडिटरांनी टाळ्या वाजवल्या. गेविनने कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. त्याचं मशीन पास झालं होतं, पैकीच्या पैकी, आणि ते त्याला आता कुणालाही सांगता येणार नव्हतं.

“मग ठरलं,” रुचिता उठत म्हणाली. “नवीन सिरियल दादांचीच. फक्त एकच, दादा, हे आहे ना, अगदी असंच ठेवा. नवीन काही ट्राय नका करू. लोक तुम्हाला यावरूनच ओळखतात. आणि गेविन, तो दोन नंबर काढून टाक. आपल्या प्रेक्षकांना नाही झेपणार.”

ती गेली. दार दोन हातांनी ओढून एडिटर गेले. खोलीत दोघंच उरले.

“मी ठेवतो माझ्याकडे, दादा,” गेविन म्हणाला. “कोणाला न्हाय सांगणार.”

“नको. कधी कुणी ऐकलं तर विचारेल, हे कोणाचं.” आत्माराम थांबला. “पूस.”

गेविनने पुसलं. एका टिचकीचं काम होतं.

तासाभराने नव्या मालिकेचा पहिला प्रसंग आला. आई रेल्वे स्टेशनवर मुलीला सोडतेय. कागदावर एडिटरने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘आवंढा हवा’. आत्मारामने पेटी फरशीवरून उचलून टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसला. माइक वर घेताना गेविनने खुर्चीकडे बघितलं. “तेल घालू का हिला? दोन मिनटांत होईल.”

“नको,” आत्माराम म्हणाला. “राहू दे.”

त्याने भाता ओढला. षड्ज, गंधार, मध्यम, पंचम. शेजारची पट्टी तिथेच होती, चांगली, मोकळी. बोट तिच्यावरून गेलं आणि निषादावर जाऊन बसलं. मग तो शिस्तीत खाली उतरला, शेवटचा सूर विझू दिला, आणि आठवणीने, जरा जोर लावून, पाठ मागे टेकवली.

खुर्ची वाजली.